माड माझे, माकडं सरकारची

पहिलं अडसर, म्हणजे कोवळा नारळ, पडलं तेव्हा सकाळचे सात वाजायचे होते. पिकलेला नारळ पडतो त्याचा आवाज वेगळा, कोरडा आणि एकदाच. कोवळं अडसर ओल्या मातीत पडतं तेव्हा धप्प होतं, आणि एक पडलं की पाठोपाठ आणखी तीन-चार येतात. काकांनी हातातला चहाचा कप खालीसुद्धा ठेवला नाही. "आली," एवढंच म्हणाले.

गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या वाळपईच्या पुढे, म्हादई अभयारण्याच्या हद्दीला लागून आमचं घराण्याचं कुळागर आहे. वर डोंगर, डोंगरातून पाटाने आणलेलं झरीचं पाणी, खाली पोफळी, पोफळींवर मिरवेल, मधूनमधून केळी, जायफळाची चार झाडं आणि कडेने माड. मी पणजीत नोकरी करते. सुटीला जाते, दोन दिवस राहते, पिशवीभर नारळ घेऊन परत येते. कुळागर राखतात ते काका आणि काकी.

त्या सकाळी ओसरीवरून मोजता आली तेवढी माकडं एकोणीस होती. एक मादी, पोटाला पिल्लू बिलगलेलं, माडाच्या शेंड्यात बसली होती. तिने अडसर दोन्ही हातांनी पिळून देठापासून सोडवलं, दातांनी साल ओरबाडलं, भोक पाडलं आणि तोंड लावलं. अर्धं पाणी तिच्या छातीवरून ओघळून पिल्लाच्या डोक्यावर गळलं. मग ते टाकून तिने दुसऱ्याला हात घातला. काकीने पत्र्याचा डबा बडवला. मादीने खाली पाहिलं, डबा ओळखीचा निघाला, तिचं काम पुढे चालू.

"माड माझे, माकडं सरकारची," काका म्हणाले. "माड मेला तर नुकसान माझं. माकड मेलं तर कोर्टात मी." हे ते कोकणीत म्हणाले, पण अर्थ हाच.

मी अभयारण्यांच्या बाजूची आहे. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही नावं घेऊन भाषणं झाली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. पण काकांच्या त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि ज्यांच्याकडे ते नाही, त्यांनी गोव्यातल्या माकडांच्या रक्षणाबद्दल फार ऐटीत बोलू नये असं मला अलीकडे वाटायला लागलं आहे.

गोव्याच्या रानात माणसाचे तीन नातलग राहतात. लाल तोंडाचं, डोक्यावर केसांचा भांग पाडून टोपी घातल्यासारखं दिसणारं माकड. सीमेपलीकडे दोडामार्गात त्याला केलडी म्हणतात. दुसरा काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर. आणि तिसरी लाजवंती, हाताच्या पंज्यात मावेल एवढी, वाटोळ्या डोळ्यांची, रात्री हिंडणारी. बहुतेक गोवेकरांनी ती आयुष्यात एकदाही पाहिलेली नसते. पहिल्या दोघांवरून भांडणं होतात. तिसरीवरून होत नाहीत, कारण ती आहे हेच कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

लाल तोंडाच्या माकडाबद्दल आपला एक पक्का समज आहे: ती खंडीभर आहेत. घाटात दिसतात, देवळात दिसतात, आता तर पर्वरीच्या इमारतींच्या गच्चीवरही दिसतात, मग कमी कशी असतील? पण हे टोपीवालं माकड भारतीय द्वीपकल्पाबाहेर जगात कुठेच नैसर्गिकरीत्या राहत नाही. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने त्याची नोंद आता 'असुरक्षित' या वर्गात केली आहे. उत्तरेतलं ऱ्हीसस माकड गोदावरी ओलांडून दक्षिणेकडे सरकतं आहे आणि त्याच्या प्रदेशात घुसतं आहे. एका शहरातली त्रासदायक माकडं पकडून दुसरीकडे सोडण्याच्या आपल्या सवयीने या घुसखोरीला हातभारच लावला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याने टोपीवाल्या माकडाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला नेऊन बसवलं. त्याला तिथून काढा, अशी मागणी केरळ सरकारने केंद्राकडे केलेली आहे. केरळचं म्हणणं मला पटत नाही, पण ते कशापोटी आलं हे कळतं. तिथेही माड आहेत आणि तिथेही कुणाचे तरी काका आहेत.

दिसणं आणि असणं यांत फरक आहे. रानातली टोळी दिसत नाही, रस्त्याकडेची दिसते. वडा-पिंपळाची झाडं तोडून रस्ता रुंद केला की तिथली टोळी वस्तीत शिरते आणि आपल्याला वाटतं माकडं वाढली. खरं तर तीच माकडं, फक्त आता आपल्या डोळ्यांसमोर.

तरीही सगळा दोष रानतोडीवर ढकलून मोकळं व्हायला मी तयार नाही. आमच्या वरचं जंगल बऱ्यापैकी शाबूत आहे. तिथे उंबर आहे, जांभळं आहेत, भिरंडं, म्हणजे कोकमं, आहेत, एप्रिलात करवंदं आहेत. तरीही टोळी खाली येते. पाण्याने भरलेलं, गोड, मलईदार फळ वर्षाचे बारा महिने एका जागी लटकलेलं असताना रानात चार तास भटकून उंबरं वेचायला माकड काही वेडं नाही. रानतोडीने हा प्रश्न वाढवला, हे खरं. साग, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि काजू यांच्या लागवडींनी डोंगर हिरवे दिसतात, पण काजूचे दोन-तीन महिने सोडले तर माकडाच्या पोटाला त्यातून काय मिळतं? खाणींनी डिचोली-सांगेचे डोंगर कापले ते वेगळंच. पण प्रश्न निर्माण केला तो आणखी एका गोष्टीने. तिच्याबद्दल आम्ही बोलत नाही, कारण तिच्यात आम्हीच आहोत.

कुळागरात माणूस उरला नाही. माझ्या आजोबांच्या वेळी सकाळी सहापासून कुळागरात दहा-बारा माणसं असत: पाणी फिरवणारी, शेणखत टाकणारी, पोफळीवर चढणारी, केळीची पानं कापणारी, आणि त्यांची गोफण घेऊन फिरणारी पोरं. माकड कुत्र्याला भितं, पोरांना भितं, आणि माणसाच्या सततच्या वावराला भितं. डब्याला ते भीत नाही. राखणीला वेगळी मजुरी नव्हती, कारण राखण हे वेगळं काम नव्हतंच. माणसं असली की ती आपोआप व्हायची. आता काका-काकी दोघं आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा येणारा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. तो माडामागे पैसे घेतो. वर गेल्यावर नारळ सापडले की माकडांनी रिकामे केलेले झुपके, हा त्याचा हिशेब नाही. दहा-बारा माणसांपैकी एकाची नात पणजीत वातानुकूलित खोलीत बसून माकडांच्या संवर्धनावर लेख लिहिते आहे.

माकडांवरचे तीन उपाय गोव्यात दरवर्षी नव्याने मांडले जातात. पहिला, माकडांना उपद्रवी जाहीर करा, म्हणजे मारता येईल. २०१६ साली तर मोरासकट बऱ्याच प्राण्यांना त्या यादीत घालण्याची चर्चा झाली होती. (त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून माडाला 'झाड' या व्याख्येतून बाहेर काढलं होतं. लोकांनी आवाज केल्यावर पुढच्या वर्षी माड परत झाड झाला, वर राज्यवृक्षाचा मान मिळाला. म्हणजे काही काळ आमच्याकडे झाड नसलेल्या गोष्टीवरून माकडं अडसरं पाडत होती.) मारण्याचा प्रयोग हिमाचल प्रदेशाने करून पाहिला. केंद्राने २०१६ मध्ये सिमल्यात आणि पुढे इतर भागांत ऱ्हीसस माकडाला उपद्रवी ठरवलं. परवानगी मिळाली, पण मारायला कुणी पुढे येईना, कारण बंदूक उचलणाऱ्याच्या घरातही मारुतीची तसबीर असते. आमच्याकडे निराळं काय होणार? परवानगीचा कागद निघेल, बागायतदाराला वाटेल सरकारने काहीतरी केलं, आणि अडसरं पडत राहतील.

पकडून दूर सोडणं हा दुसरा उपाय. ज्या रानात सोडाल तिथे आधीच टोळ्या आहेत, त्यांचे ठरलेले मुलूख आहेत. टोळीचा कणा माद्या असतात, त्या जन्मभर एकाच टोळीत राहतात. नर मोठे होऊन बाहेर पडतात. पिंजऱ्यात जे अडकतं ते सोडलं की टोळी मोडते, आणि मोडलेली टोळी जास्त बेभान होते. नव्या जागी टाकलेली माकडं जवळचं गाव शोधतात, कारण त्यांना गावच ठाऊक. म्हणजे सत्तरीचा त्रास पेडण्याला.

नसबंदी हा तिसरा. तो मला पूर्णपणे निकाली काढता येत नाही. शहरी वस्तीत, जिथे टोळी कचऱ्यावर आणि लोकांच्या हातच्या खाण्यावर पोसली गेली आहे, तिथे तो चालू शकेल. पण हिमाचलात लाखाहून अधिक माकडांची नसबंदी झाली आणि शेतकऱ्याची तक्रार तिथे संपली नाही. शिवाय ज्या जातीची जगातली संख्याच उतरणीला लागली आहे, तिच्या रानातल्या टोळ्यांवर शस्त्रक्रिया करत फिरणं म्हणजे चुलीवरचं दूध उतू जातंय म्हणून गाय विकणं.

या तीन उपायांच्या आधी गोव्यात एक चौथा उपाय होता. त्याचं नाव घेताना लोक जरा चाचरतात. तो म्हणजे वानरमारे.

फोंडा तालुक्यात निरंकालला त्यांची वस्ती आहे. त्यांच्या जमातीच्या नावातच त्यांचा धंदा आहे. माकडं-वानरं मारणं आणि खाणं ही त्यांची जगण्याची रीत होती, आणि बागायतदारांना ती सोयीची होती. माकडांचा उच्छाद वाढला की त्यांना बोलावणं जायचं. काम संपलं की ते परत जायचे. त्यांना ओसरीवर बसवायचं नाही, घरात घ्यायचं नाही. काम मात्र त्यांचंच, कारण आपल्याला पाप नको होतं. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद केली आणि हे सगळं गुन्हा झालं. कायदा योग्यच होता. पण तो आला तेव्हा तीन पक्षांपैकी कुणाचीही वाट नव्याने लावून दिली गेली नाही. बागायतदाराची राखण गेली, वानरमाऱ्यांचं पोट गेलं आणि माकडाला मिळालं ते अनुसूचीतलं एक स्थान. माकड मारायचं नाही, एवढं ठरवून सगळे घरी गेले.

माकडांची टोळी कुठल्या वाटेने येते, कुठल्या झाडावर रात्र काढते, कुठला नर पुढे चालतो आणि कुठली म्हातारी मादी थांबल्यावर बाकीच्या थांबतात, हे गोव्यात वानरमाऱ्यांइतकं कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. मग हंगामात कुळागरांच्या पट्ट्यात राखणदार म्हणून त्यांना, त्यांची इच्छा असेल तर, रोजंदारीवर घ्यायला काय हरकत आहे? माकडाला मारायचं नाही, जखमी करायचं नाही, पण टोळीला कडेवरून फिरवून परत रानात न्यायचं. हे काम पत्र्याच्या डब्याने होत नाही, माणसानेच होतं. त्याला पैसे लागतात. त्या पैशांबद्दल पुढे बोलते.

आता घाट. शनिवारी अनमोड किंवा चोर्ल्याच्या वळणावर थांबून पाहा. पर्यटकांची गाडी उभी राहते, काच अर्धी खाली होते, बिस्किटाचा पुडा बाहेर येतो आणि मोबाइल वर जातो. मी एकदा एका नराला चिप्सचं पाकीट फोडताना पाहिलं. दात न लावता, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून, माणूस फोडतो तसं त्याने ते ताणून फोडलं. चिप्स गालांच्या पिशव्यांत कोंबले आणि पाकीट टाकून दिलं. हे त्याला रानाने शिकवलेलं नाही. मग तो रस्त्यावरच बसतो आणि ट्रकखाली येतो. किंवा धीट होऊन बायकांच्या हातातली पिशवी ओढतो, आणि मग त्याच गाडीतले लोक सोमवारी म्हणतात, माकडांचा बंदोबस्त करा. दूधसागरलाही हेच. पुण्य म्हणून देवळाबाहेर केळी ठेवणाऱ्यांना मी वेगळं काढत नाही. मारुतीला तेल घाला, रुईची माळ घाला. त्याच्या नावाने जिवंत माकडाला ग्लुकोजचं बिस्किट देऊ नका. खायला घालण्यावर दंड आहे, असे फलक लावलेले दिसतात. ते वसूल करणारा माणूस मला अजून दिसलेला नाही.

लाजवंतीकडे येते. मी ती आयुष्यात एकदाच पाहिली, कुळागराच्या वरच्या अंगाला, मिरवेलीच्या जाळीत. वनखात्यातल्या एका ओळखीच्या रक्षकाने बॅटरीवर लाल कागद लावून दाखवली. आधी फक्त दोन नारिंगी ठिणग्या. मग ठिणग्यांच्या मागे काटकुळे हातपाय दिसले. ती एका वेलीवरून दुसरीवर जात होती: एक हात पुढे, घट्ट पकड, मग मागचा पाय सोडणं, मग थांबणं. वीतभर अंतर जायला तिला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं नाही, पण माझी मान अवघडली. ती उडी मारत नाही. माकडाला दोन झाडांमधलं दहा फूट अंतर म्हणजे काहीच नाही, लाजवंतीला ती दरी आहे. फांदीला फांदी लागली तरच तिचं जग पुढे सरकतं. नाहीतर तिला जमिनीवर उतरावं लागतं, आणि तिथे कुत्री आहेत, गाड्या आहेत.

म्हणून मोलेचा वाद मला केवळ झाडांच्या संख्येचा कधी वाटला नाही. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून रेल्वेचं दुपदरीकरण, चौपदरी महामार्ग आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी असे तीन पट्टे न्यायचे होते. किती झाडं जाणार यावर रणं माजली. त्याऐवजी एवढी झाडं दुसरीकडे लावू, हे उत्तर तयारच होतं. पण पट्टा म्हणजे रानाला पाडलेला भांग. तो मिटत नाही. लावलेली झाडं रानाच्या त्या फटीत लावलेली नसतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली, आणि वीजवाहिनी आधीच्या वाहिनीच्याच पट्ट्यातून न्यावी या बाजूने कौल दिला. रस्ते तर आधीपासूनच आहेत, आणि ते राहणार. तमिळनाडूत वालपाराईला चहामळ्यांमधल्या रस्त्यावर सिंहपुच्छ माकडांसाठी जुन्या अग्निशमन पाइपांचे पूल झाडांतून बांधले आहेत, आणि माकडं ते वापरतात. अनमोडच्या घाटात असा एक पूल टांगायला किती खर्च येईल? पुलाच्या उद्घाटनाच्या मांडवापेक्षा कमी, असा माझा अंदाज आहे.

गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे पाचवा हिस्सा अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यान यांत मोडतो, आणि हा आकडा आपण अभिमानाने सांगतो. पण नकाशावरची रेषा माकडांना दिसत नाही. त्यांचं खरं आयुष्य रेषेच्या आसपासच्या किनारीत जातं: कुळागरं, देवराया, काजूचे डोंगर, ओढ्याकाठचे पट्टे. यातला पुष्कळ भाग खासगी आहे. खासगी वन ठरायला गोव्यात तीन कसोट्या आहेत: जागा किमान पाच हेक्टर हवी, पंचाहत्तर टक्के झाडं वनातली हवीत आणि झाडांच्या छत्राची दाटी ०.४ हून कमी नको. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या तशाच ठेवल्या. आता चार हेक्टरचा एक तुकडा घ्या, मध्ये ओढा, ओढ्यावर तीन म्हातारे वड. माकडांची टोळी तिथे रात्री झोपते. कायद्याच्या लेखी ते वन नाही. उद्या जमिनीचा विभाग बदलून मिळाला की तिथे व्हिला उभे राहतात, आणि व्हिलाच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं 'निसर्गाच्या कुशीत'. नगरनियोजन कायद्यातल्या १७(२) या कलमाखाली विभाग बदलण्याचे नियम उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये फेटाळले, पण विभाग बदलून घेण्याची इच्छा फेटाळली गेलेली नाही. पाच हेक्टरच्या कसोटीत न बसणारे हे तुकडे गेले की टोळी झोपायला कुठे जाणार? सर्वांत जवळच्या कुळागरात.

सत्तरीत मालोलीच्या बाजूला निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आहे, पाण्यात मुळं उभी करून वाढणारी जायफळवर्गातली झाडं तिथे आहेत. ती टिकली, कारण देवाची म्हणून कुणी कुऱ्हाड लावली नाही. देवाचं नाव घेऊन टिकलेल्या अशा राया गोव्यात बऱ्याच आहेत. देवावर एवढा भार टाकून सरकारने निवांत राहावं का, हा प्रश्न मात्र मला पडतो.

माकडतापाबद्दल बोलल्याशिवाय सत्तरीत माकडाचा विषय पुरा होत नाही. शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली हा ताप पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ मध्ये तो सत्तरीतल्या पाली गावात आला, पुढच्या वर्षी दोडामार्गात. काजूच्या हंगामात, बोंडू गोळा करायला रानात जाणाऱ्या बायका-पुरुषांना तो धरतो. आमच्या भागात त्या दिवसांत लोक माकड दिसलं की मागे सरत, आणि मारून टाका म्हणणारेही होते. नाव माकडाचं, म्हणून दोषही माकडाचा. पण ताप पसरवते ती गोचीड. माकड त्याचा बळी आहे. ते माणसापेक्षा आधी आणि जास्त संख्येने मरतं. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागाच धोक्याची होते. म्हणजे बंदूक घेऊन माकडं मारत सुटणं हा ताप वाढवण्याचा उत्तम उपाय. रानात मेलेलं माकड दिसलं की हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं, हे आमच्या गावात आता लहान पोरांनाही माहीत आहे. माकडं नसती तर ताप आलाय हे पहिल्यांदा आपल्यालाच आजारी पडून कळलं असतं. या कामाचा पगार माकडांना मिळत नाही.

पैशांबद्दल बोलते म्हणाले होते. रानटी प्राण्यांनी पिकाचं नुकसान केलं तर भरपाई मिळण्याची सोय आहे. पण ती रचली आहे गव्यासाठी आणि रानडुकरासाठी: एका रात्रीत शेत तुडवलं, सकाळी पंचनामा, फोटो, अर्ज. माकडाचं नुकसान असं होत नाही. ते रोज थोडं थोडं होतं, चार अडसरं, एक केळीचा घड, पन्नास कोवळ्या सुपाऱ्या. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पडलेली अडसरं गुरांनी चघळलेली असतात. वर्षाकाठी माडामागे निम्मा माल गेला, हे काका जाणतात. कागद जाणत नाही.

त्यामुळे माझं मत असं, की गेलेल्या नारळांचे पैसे देणं सोडून द्यावं आणि उभ्या माडांचे द्यावेत. अभयारण्याच्या हद्दीला लागून असलेल्या पट्ट्यातल्या कुळागराला, माडामागे आणि पोफळीमागे, वर्षाला ठरलेली रक्कम. माकड आलं, नाही आलं, विचारायचं नाही. अट एवढीच: फासकी लावायची नाही, कुंपणात वीज सोडायची नाही, ओढ्याकाठची झाडं तोडायची नाहीत आणि जागा व्हिलाला विकायची नाही. पैसे कुठून? कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्यांच्या प्रत्येक प्रवाशाकडून प्रवेशशुल्क घेतलं जातं. रान पाहायला आलेल्या माणसाने रान सांभाळणाऱ्याला काही द्यावं, यात गैर काय? त्यातूनच वर सांगितलेल्या राखणदारांची रोजंदारी.

यावर आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. सत्तरीत जमिनीच्या मालकीचा घोळ पिढ्यान् पिढ्यांचा आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव एकाचं, घाम दुसऱ्याचा. मालकी बघून पैसे दिले तर ते पणजीत किंवा परदेशात बसलेल्या नावाला जातील, आणि झाडाला पाणी घालणारा तसाच. म्हणून झाडं मोजून, कसणाऱ्याला द्यावेत. कसणारा कोण हे वाड्यावरच्या चार माणसांना विचारलं तर पाच मिनिटांत कळतं. ग्रामसभेत मोजणी करा, खोटी नावं तिथेच गळतील. काही घुसतीलच. माझी त्यालाही तयारी आहे. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत चार वाघ विष घालून मारले गेले, ते गुरं गेल्याच्या रागातून. रानाचा सगळा खर्च एकाच्याच डोक्यावर टाकला की तो कुठवर जातो, ते तिथे दिसलं आहे. माकडांच्या बाबतीत तसं काही झालं तर त्याची बातमीही होणार नाही. म्हादईच्या व्याघ्रप्रकल्पावरून गेली काही वर्षं कोर्टकचेरी चालू आहे. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत तो जाहीर करा म्हटलं, आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या साऱ्या वादात मी माकड हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

गेल्या पावसाळ्याआधी माझ्या सांगण्यावरून काकांनी भरपाईचा अर्ज केला. मीच छापील नमुना आणून दिला होता. त्यात एक रकाना होता: 'नुकसान झाल्याचा दिनांक व वेळ'. काकांनी चष्मा लावला, पेन झटकलं आणि लिहिलं: 'रोज, सकाळी सात.' मी म्हटलं, काका, असं चालणार नाही, एक तारीख घाला. "खोटं कशाला लिहू?" ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. त्या रकान्याभोवती लाल शाईने गोल केला होता आणि बाजूला शेरा होता: 'दिनांक स्पष्ट नमूद करावा.'